देवाबरोबरचे खाते



बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉस्टिंगच्या पेपरात नापास झाले. निकाल पाहून मला रडू आले नाही, राग आला, आणि तो देवावर होता. त्या वर्षी मी एकही दिवस न चुकता शास्त्रवाचन केले होते. मोबाईलच्या अॅपमध्ये दोनशेहून जास्त दिवसांची सलग नोंद होती. दर शुक्रवारी उपास करायचे, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवायचे. आणि त्याचे हे फळ? पुढचे दोन आठवडे माझ्याने प्रार्थनाच झाली नाही. तेव्हा कुठे उमगले की मी प्रभूबरोबर खाते उघडून बसले होते: माझी सेवा जमा, आणि त्याच्याकडून येणे बाकी.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली साक्ष माझ्या वाचनात आली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. भारतात परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. बाहेरून पाहणाऱ्याला हे जीवन परिपक्वच वाटले असते. पण त्या स्वतः सांगतात की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या पाळकाचे आत्मचरित्र वाचताना हे त्यांच्या लक्षात येऊ लागले. हा पाळक उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने पालटला होता! बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाई काहीही हाती न घेता, केवळ पापी म्हणून प्रभूकडे आल्या. त्यांनी याचा दोष कोणालाही दिला नाही.

आठ वर्षे, तीही एवढ्या विद्वान स्त्रीची. हे वाचून मला धीर आला, थोडी भीतीही वाटली.

करिंथच्या मंडळीला पौल बाळे म्हणतो, तेव्हा त्यांना ज्ञान कमी होते असे नाही. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो त्यांच्या ज्ञानाबद्दल आणि कृपादानांबद्दल देवाचे आभार मानतो. मग दूध कशासाठी? कारण त्यांच्यात हेवा आणि भांडणे होती, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा अशी ओढाताण होती. आपण आत्मिक वाढ मोजतो ती किती अध्याय वाचले, किती सभांना गेलो यावरून. पौल मात्र शेजारच्या भावाशी आपण कसे वागतो हे पाहतो. दुसऱ्याचा निकाल माझ्यापेक्षा चांगला लागला की माझे तोंड का उतरते, हा प्रश्न मला कोणत्याही अॅपने विचारला नव्हता. (अॅपला नावे ठेवत नाही. माझ्या मैत्रिणीला त्याचा फार आधार होतो.)

रमाबाईंचे पुढचे जीवन पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. मग त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या या बाईंनी भाषा निवडली ती साध्या, अशिक्षित बाईला कळेल अशी. मी हे लेख मराठीत आणते तेव्हा जड शब्द वापरून भाव खाण्याचा मोह मला रोज होतो, म्हणून त्यांच्या या निवडीपुढे मी नमते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापलेले संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये निघाले, ते त्यांनी पाहिले नाही.

इतक्या वर्षांच्या सेवेनंतर आणि त्या मृत्यूनंतर देवाकडे येणे काढायचे झाले असते, तर त्यांच्याकडे किती मोठे निघाले असते!

मी तो पेपर पुन्हा दिला. आदल्या रात्री, प्रभू, पास कर, अशी प्रार्थना केलीच. लेकराने बापाकडे का मागू नये? फक्त या वेळी मी किती दिवस वाचन केले, हे त्याला सांगितले नाही.