आत्याजवळ कोण?

स्पष्टच सांगतो. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं, आत्याही येणार म्हणाली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो रांगेचा. व्हीलचेअर बरोबर असली की रांगेत ताटकळावं लागत नसेल ना? आपल्याकडे देवळात नाही का, म्हाताऱ्या माणसाला धरून आलेल्या घरच्या चौघांनाही बाजूच्या दारानं आत सोडतात! पक्षाघातानंतर आत्याचं चालणं थांबलं, पण त्या क्षणी मला तिच्या पायांची काळजी नव्हती. माझ्याच पायांची होती.

माहिती काढायला बसलो तर कळलं, डिस्ने वर्ल्डमध्ये तसं काही नाही. बहुतेक ठिकाणी रांगेची वाटच खुर्ची जाईल अशी केलेली, त्यामुळे खुर्चीवाल्यानंही सगळ्यांबरोबर रांगेतूनच यायचं. वेगळी सवलत आहे, पण 2024 पासून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे फार वेळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी. वाचून मी चक्क हिरमुसलो. कशामुळे? आत्याला चारचौघांसारखं वागवणार आहेत म्हणून?

2013 मध्ये बातम्या आल्या होत्या, न्यूयॉर्कमधली काही श्रीमंत कुटुंबं डिस्ने वर्ल्डमधली रांग चुकवण्यासाठी तासाच्या बोलीवर अपंग व्यक्तीला गाइड म्हणून बरोबर नेतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेनं अपंगांना बाजूच्या दारानं सोडण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. तेव्हा आम्ही त्या लोकांना भरपूर नावं ठेवली होती. पण त्यांनी निदान त्या माणसाला पैसे तरी मोजले. मी आत्याला काय देणार होतो? तिकीट? तेसुद्धा तिच्याच पेन्शनमधून निघणार आहे.

मग मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एका रकान्यात राइड, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात ‘आत्याजवळ कोण’. मोठ्या कौतुकानं तिला दाखवला. तिनं चष्मा लावला, बोट फिरवत सगळा वाचला आणि म्हणाली, “माझ्याजवळ कोण थांबणार ते लिहिलंयस. मला कशात बसायचंय, ते कुठंय?”

काय सांगणार? ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बाहुल्यांच्या राइडच्या बोटीत खुर्चीसकट बसता येतं, म्हणून ते मी तिच्या नावावर परस्पर टाकून मोकळा झालो होतो. “बाहुल्या तुझ्या पोरांना दाखव,” म्हणाली. ‘किलिमांजारो सफारी’च्या ट्रकमध्येही खुर्ची चढते, ते मात्र तिला पसंत पडलं. आणि ‘हाँटेड मॅन्शन’? तिथं खुर्चीतून उठून त्यांच्या छोट्या गाडीत बसावं लागतं. कर्मचारी उचलत नाहीत. ते काम बरोबरच्यांचं. मी ते गाळलं होतं आणि कारण तयार ठेवलं होतं : तुला भीती वाटेल. “धारपांच्या भयकादंबऱ्या वाचत मी रात्री काढल्यात रे. मला भुताची भीती घालतोस?” भीती कुणाला होती? माझी कंबर दुखते, आणि लोकांसमोर आत्याला उचलताना तिचं पातळ विस्कटलं, मी धडपडलो तर कसं दिसेल, ही माझी लाज. ती मी तिच्या खात्यावर मांडली.

एक गोष्ट मात्र तिनं स्वतःहून विचारली. “बाथरूमचं काय?” लग्नाकार्याला जायचं असलं की आत्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडते. पेला समोर ठेवला तर नुसते ओठ ओले करते आणि हळूच मागे सारते. इतकी वर्षं मी तो तिचा स्वभाव समजत आलो. फ्लोरिडाच्या उन्हात दिवसभर ती तशीच राहिली असती आणि मी फोटो दाखवत म्हटलं असतं, बघा किती आनंदात आहे! तिथं सोबतीचं माणूस बरोबर आत जाऊ शकेल अशी वेगळी स्वच्छतागृहं आहेत. ती कुठं कुठं आहेत हे आता नकाशावर लाल शाईनं खूण करून ठेवलंय. हे मी सगळ्यात शेवटी शोधलं, हेही नोंदवलेलं बरं.

शोधताना टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या ‘मॉर्गन्स वंडरलँड’बद्दलही वाचलं. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या विशेष मुलीमुळे 2010 मध्ये उभारलेलं हे पार्क. खुर्चीसकट झुलता येईल असे झोपाळे आहेत तिथं आणि अपंगांना प्रवेश फुकट. त्या बापानं मुलीच्या बाजूनं सुरुवात केली. मी रांगेपासून केली. फरक तेवढाच, आणि तो लहान आहे असं स्वतःला समजावणं काही जमत नाही.

आता तक्त्यात चौथा रकाना आहे, आत्याच्या हातचा. ‘हाँटेड मॅन्शन’पुढे तिनं लिहिलंय, ‘उचलून बघा, नाही जमलं तर राहू दे.’ तिला नीट कसं उचलायचं, हे तिच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकतो आहे. तिसरा रकाना पुसलेला नाही, कारण काही राइडना ती बसणार नाही आणि कुणीतरी थांबायला लागणारच आहे. मला ज्यात बसायची हौस आहे, त्या राइडपुढे तिथं अजूनही बायकोचंच नाव आहे.