दुसरं मत

माझी आजी बिड्या वळायची. १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक मी तिच्या तोंडून ऐकली. शहरात पितळेची भांडी, घरोघर बिडी, भोवती धानाची खेडी. जागा दोन, एक राखीव. मतदाराला मतंही दोन. राखीव जागेला बाबासाहेब, सर्वसाधारण जागेला मित्रपक्षाचे अशोक मेहता.

राखीव जागा हुकली तरी उरलेल्यांत ज्याची मतं जास्त, त्याला दुसरी जागा. म्हणून कार्यकर्ते म्हणाले, एक मत बाबासाहेबांना द्या, दुसरं कुजवा. बाबासाहेब नाही म्हणाले. १९५२ ला मुंबईत मतं कुजवण्याच्या प्रचाराविरुद्ध त्यांनीच दाद मागितली होती. भंडाऱ्यात मेहता आले. बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले.

आजी म्हणायची, ‘आपण दिलं, त्यांनी नाही दिलं.’ हा सल माझ्यातही आहे. म्हणून नगरपालिकेच्या निवडणुकीत मीच वस्तीत सांगत फिरलो: आपल्या माणसाला द्या, दुसरीकडं नोटा दाबा.

आपला माणूस निवडून आला. तरी झोप लागेना. नोटा हक्कच आहे, पण तो बाईनं स्वतः ठरवून दाबायचा. मी तिचं दुसरं मत तिला न विचारताच मारलं. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या असंच कुणी ना कुणी ठरवून देत आलं.

हरणं वाईटच. पण आपल्याच माणसाचं मत कुजवून जिंकलो, तर जिंकलं कोण?