देवाचं फूल, पाखराचं फूल



गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की पान, फूल, फळ, पाणी, काहीही प्रेमाने दिलं तरी मी घेतो. पण द्यायचं ते आधी आपलं असायला हवं ना? पहाटे शेजाऱ्यांच्या कुंपणावरून हात घालून तोडलेली जास्वंद नेमकी कोणाची?

सध्या बुलढाणा-खामगाव रस्त्याला, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूने पळस पेटलाय. झाडावर पान नाही, नुसता केशरी रंग. सूर्यपक्षी, बुलबुल, साळुंक्या यांची त्यावर झुंबड. रस पिताना अंगाला पराग लागतो, तो पुढच्या फुलावर जातो, म्हणून तर शेंगा धरतात. पाखरू घेतं आणि देऊनही जातं. महाशिवरात्रीला आपण आंब्याचा मोहोर वाहतो. एका तुऱ्यात शेकडो फुलं, आंबे मोजकेच. तेव्हा एक तुरा नेला तर झाडाचं काही बिघडत नाही. पण अख्खी फांदी ओरबाडायची आणि वर ‘देवासाठी’ म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

महाराज शेगावात प्रकटले तेही याच दिवसांत, माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८. लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. पत्रावळी आपल्याकडे पळसाच्या पानांच्या! मग सूर्यपक्ष्याने चोच लावलेलं फूल उष्टं कसं? पारिजातकाची तर जमिनीवर पडलेलीच फुलं आपण वेचतो, आणि ती देवाला चालतात.