शेक संपल्यानंतर

जोयड्याहून दांडेली, हल्याळ, धारवाड करत हुबळीच्या नवनगरातलं कॅन्सर रुग्णालय गाठायचं तर वाट शंभरेक किलोमीटरची. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून द्यायचा किरणांचा शेक साधारण 25 वेळा, आठवड्यातून 5 दिवस. त्यानंतर आतून नळी ठेवून द्यायचा शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, वेगळा. जोयड्याच्या कुंभारवाडा-अणशीकडची बाई गुरं आणि शेत कुणाच्या तरी भरवशावर टाकून हे पार पाडते. आजार वेळेत सापडला असेल तर पुष्कळदा बरीही होते. पण पुढच्या काही महिन्यांत तिचा योनिमार्ग कोरडा पडत, आखडत जाणार आहे, हे तिला कोण सांगतं?

किरणं गाठीवर सोडली तरी योनीच्या वरच्या भागाला ती लागतातच. आतलं अस्तर पातळ होतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, मऊ पेशींच्या जागी राठ तंतू येतात, कधी भिंती एकमेकींना चिकटतात. बीजांडकोश निकामी झाल्याने पस्तिशीतही पाळी जाते आणि कोरडेपणा वाढतो. हे विरळ नाही. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘एम्ब्रेस’ अभ्यासात असा शेक घेतलेल्या 588 स्त्रियांची पाहणी झाली. दोन वर्षांत 89 टक्के जणींना सौम्य का होईना त्रास झाला होता, 29 टक्के जणींना मध्यम किंवा त्याहून जास्त. बहुतेकींचा त्रास पहिल्या सहा महिन्यांतच सुरू झाला.

जीव वाचला, आता हे कशाला काढायचं, असं घरचे म्हणतात आणि दवाखान्यातही ऐकू येतं. मला हे पटत नाही. कॅन्सर उलटलाय का, हे पाहायला डॉक्टरला आतून तपासावं लागतं. मार्ग आखडला की ती तपासणी एक तर जीवघेणी दुखते, नाही तर होतच नाही. म्हणून हा प्रश्न विधवेचाही आहे, साठीच्या आजीचाही. आणि तो फक्त संसारसुखाचा असता तरी काय बिघडलं असतं? दुखतंय म्हणून नाही म्हणणाऱ्या बाईवर नवरा रुसतो, किंवा संबंधातून कॅन्सर आपल्याला लागेल या धास्तीने तोच दूर होतो. कॅन्सर असा लागत नाही, आणि शेक संपल्यावर अंगात किरणंही उरत नाहीत. दोन वाक्यांत मिटणारी भीती वर्षानुवर्षं घर पोखरत राहते.

उपायही आहेत. जखम भरल्यावर, साधारण महिन्याभराने, डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर नावाची गुळगुळीत नळी जेल लावून आठवड्यातून दोनतीनदा काही मिनिटं वापरायची. तिच्याबद्दलचा पुरावा अजून हवा तितका भक्कम नाही, पण भिंती चिकटू नयेत म्हणून जगभर ती देतात. कोरडेपणावर औषधं आहेत. आणि त्रास मोजला तर तो कमीही करता येतो. टाटा मेमोरियलने 300 स्त्रियांवर केलेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणं अधिक नेमकी सोडली, तेव्हा आतड्यांचे उशिरा येणारे त्रास 42 टक्क्यांवरून 21 वर आले. योनीच्या त्रासाबद्दल मात्र बाई विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारायला कुणाला सवड नसते.

पहिल्या शेकाच्या आधीच हे सांगायला हवं. बाईला कोकणीत किंवा मराठीत, एखाद्या नर्सने, पडद्याआड. नवऱ्याला वेगळं बसवून. घरी जाताना गोळ्यांच्या पिशवीत डायलेटर आणि जेल असावं, आणि ते वापरलं का, दुखतं का, हे गावातल्या आशाताईने तिच्या पडवीत बसून विचारावं. त्यासाठी आशाताईला आधी हे कुणीतरी शिकवलेलं असलं पाहिजे.