डाव्या हाताचे काम

पियानो जंगलाच्या जिल्ह्यांना मानवत नाही. दोनशेहून अधिक तारा, टनांत मोजावा असा त्यांचा ताण आणि दमट हवेत फुगणारे लाकूड. चंद्रपूरचा उन्हाळा काढून गडचिरोलीच्या पावसात तो सुरात राहायचा कसा? म्हणून इकडच्या हौशी माणसाने बाख, मोझार्ट ऐकावेत, वाजवायच्या भानगडीत पडू नये, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही.

बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या १७२३च्या हस्तलिखितावर स्पष्ट लिहिले आहे, की या रचना कळवाद्यांच्या चाहत्यांसाठी, त्यातही शिकू पाहणाऱ्यांसाठी आहेत. पियानो तेव्हा नवखा होता. बाखसमोर होते हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड. या १५ छोट्या रचनांत डावा हात उजव्याचा हरकाम्या नाही. उजव्याने मांडलेली सुरावट डावा उचलतो, तोवर उजवा वेगळेच काही बोलू लागतो. ऐकणाऱ्याला ही बोलाचाली निम्मीच कळते. अडखळत वाजवणाऱ्याला मात्र ती बोटांत कळते. हौशी वादकाचे सुख ते हेच, आणि त्याला श्रोते लागत नाहीत.

आल्बर्ट श्वाइट्झर १९१३मध्ये आफ्रिकेतल्या लांबारेनेच्या जंगलात डॉक्टर म्हणून गेला, तेव्हा वादन सुटलेच असे त्याने मनाशी ठरवले होते. तो नावाजलेला ऑर्गनवादक. पॅरिसच्या बाख सोसायटीने उष्ण हवेसाठी मुद्दाम बांधलेला पियानो त्याला दिला होता. दवाखाना आटोपला की तो त्यावर बसे, एकेका रचनेवर कितीतरी दिवस घालवी. मैफलीची तारीख नव्हती, म्हणून घाईही नव्हती. जंगलाने त्याला हौशी केले, असे मी म्हणेन.

आपल्या पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो. पण धान निघाल्यावर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांनी ऑर्गन टिकवला. त्याचा भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे. (शहरातल्या संगीत नाटकाची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी ही नाटके पाहायला एकदा वडशाला जावे.) म्हणजे दोन हातांचे वाद्य इथे कधीचेच आहे, त्यावर दोन हातांचे संगीत तेवढे बसवायचे आहे.

तेही नसेल, तर ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड चालेल. ‘इन्व्हेन्शन्स’चे सगळे स्वर त्यावर मावतात. पहिली सी मेजरमधली घ्या, आणि आधी एकट्या डाव्या हाताने वाजवा.