विवेक आणि मांडूळ

'विवेक' हा शब्द आपण फार मोठ्या कामांसाठी राखून ठेवला आहे. नित्य काय आणि अनित्य काय, देह कोणता आणि देही कोण, हे ज्याच्या योगे उमगते तो विवेक, असे आपण कीर्तनात ऐकतो, पारायणात वाचतो, आणि हा थोरांचा विषय म्हणून हात जोडून पुढे जातो. पण या शब्दाच्या पोटातला धातू पाहिला तर तो 'विच्' आहे, आणि त्याचा अर्थ इतकाच की वेगळे करणे. आई सूप घेऊन दारात पाखडायला बसते, फोल वाऱ्यावर जाते, दाणा सुपात राहतो आणि खडा तिच्या बोटांना आपोआप लागतो, तेव्हा तिचे हात जे करीत असतात, तोच विवेक. मोठा विवेक या धाकट्या विवेकावरच उभा राहतो, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे, आणि ते मला पहिल्यांदा पटले ते एका सापामुळे.

कागलच्या बाजूच्या एका वस्तीवर, मिरगाचा पहिला पाऊस होऊन गेलेल्या संध्याकाळी, कडब्याची गंज हलवताना खालून एक जाडजूड, ठिपक्यांचा साप निघाला. 'घोणस! घोणस!' असा ओरडा झाला आणि पोरांच्या हातांत काठ्या आल्या. तेवढ्यात बाजेवर बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "थांबा रं, आदी शेपूट तर बघू द्या." लांबूनच बॅटरीचा झोत शेपटावर पडला. ते शेपूट हळूहळू निमुळते होत गेलेले नव्हते. जाड अंग एकाएकी संपून पुढे बोटभर आखूड टोक आले होते, आणि त्यावरचे खवले कानशीसारखे खरखरीत दिसत होते. पाठीवरचे डागही सुटे नव्हते, एकमेकांत मिसळून नागमोडी झाले होते. "डुरक्या हाय," बाबा म्हणाले, आणि काठ्या खाली आल्या. ज्या क्षणी काठी थांबली आणि नजर शेपटाकडे गेली, त्या क्षणाचे नाव विवेक.

हा धाकटा विवेक शिकण्याजोगा आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या, काळ्या किनारीच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी असते, शेपूट बारीक होत जाते, आणि डिवचली तर ती कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार टाकते. तिचे विष रक्ताचे गोठणे बिघडवते आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. डुरक्या घोणस नावापुरती घोणस. तिला विष नाही, उंदराला वेटोळ्यात आवळून ती आपले पोट भरते. म्हणजे एकाच नावाच्या सावलीत शेतकऱ्याची सोबतीण आणि शेतकऱ्याचा काळ असे दोघे वावरतात. यांतली चूक दोन्हीकडून होते: डुरक्याला घोणस समजून मारणारे आहेत, आणि त्याहून घातक म्हणजे घोणशीला अजगराचे पिल्लू समजून उचलणारे आहेत. पहिल्या चुकीत एक निरपराध जीव जातो, दुसरीत आपला. म्हणूनच विवेकाचा पहिला धडा 'लांबून पाहा' असा आहे. हात लावून खात्री करण्याची घाई म्हणजे विवेक नव्हे, आणि शंका उरली तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलावणे हाही विवेकच.

वेदान्ताने आपल्याला रज्जुसर्पाचा दृष्टान्त दिला आहे. अंधुक प्रकाशात दोरी पडली आहे, पाहणाऱ्याला ती साप वाटते, घाम फुटतो, पाय लटपटतात. दिवा आला की साप जातो, आणि पाहू गेले तर तो कधी नव्हताच. एका वस्तूवर दुसरी वस्तू लादणे, याला आचार्यांनी अध्यास म्हटले. त्या वस्तीवर दोरी नव्हती, साप खराच होता. पण पोरांनी एका सापावर दुसरा साप लादला होता. तेव्हा ध्यानात येते की अध्यास केवळ खोट्या गोष्टीचा होतो असे नाही, खऱ्यावर दुसरे खरे लादूनही तो होतो, आणि असा अध्यास ओळखणे जड जाते. म्हणून विवेक म्हणजे केवळ 'हे आहे की नाही' एवढे विचारणे नव्हे; 'हे आहे, पण कोणते आहे' इथपर्यंत तो धीराने चालत जातो.

आता डुरक्याच्याच कुळातले मांडूळ पाहू. याचे अंग गुळगुळीत, रंग मातीचा, कुठे तांबूस, कुठे गडद तपकिरी, पिल्लू असताना अधिक तांबूस आणि शेपटावर काळसर पट्टे असलेले. याचे शेपूट डोक्याइतकेच बोथट असते, आणि संकट आले की मांडूळ डोके वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करते, म्हणजे घाव शेपटावर पडावा आणि डोके वाचावे. देवाने जीव राखण्यासाठी दिलेली ही युक्ती, आणि आपण तिच्यावरून त्याला दुतोंड्या म्हटले. सहा महिने या तोंडाने चालते, सहा महिने त्या तोंडाने, असे सांगत सुटलो. पुढे याच भ्रमावर लोभ चढला. गुप्तधन दाखवते, पैशाचा पाऊस पाडते, अमुक वजनाचे असले तर कोटींचा भाव, अशा बोलण्यापायी हा मुका जीव पोत्यात कोंबून विकला जातो, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत मांडूळ-तस्करीच्या बातम्या येत राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा हात धरतो, नजर धरीत नाही. दोरीवर साप लादला तर भय उपजते, सापावर धन लादले तर लोभ उपजतो. दोन्हीवर औषध एकच, ते म्हणजे विवेक.

याच कुळाचा दूरचा नातलग म्हणजे अमेरिकेतला बोआ कन्स्ट्रिक्टर. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याला नाव दिले आणि राहण्याचे ठिकाण म्हणून 'इंडीज' लिहिले, खरे तर तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. नाव देणाऱ्याचाही मुलूख चुकला. आज जगभर हा साप हौसेने पाळणारे लोक त्याच्या मुलुखांचा विवेक करतात: सुरीनाम, गयाना, पेरूकडचे, गडद लाल शेपटाचे, कोलंबिया आणि मध्य अमेरिकेकडचे, बहुधा तपकिरी शेपटाचे, होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे, फिकट आणि लहानखुरे, अर्जेंटिनाचे, काळपट आणि जाळीदार नक्षीचे. पाठीवरच्या पट्ट्यांची संख्या, त्यांचा आकार, शेपटाचा रंग हे सारे ते पाहतात. पण त्यांतले जाणते सांगतात की केवळ रंगावरून मुलूख ठरत नाही. दोन मुलुखांच्या जोडीची पिल्ले कोणत्याही एकासारखी दिसू शकतात, म्हणून आईबापांची नोंद हवी, आणि नोंद नसेल तर 'मुलूख अज्ञात' असेच लिहावे. हे 'अज्ञात' लिहिण्याचे धैर्य मला विवेकाचा फार उंच थर वाटते. दाणा आणि खडा वेगळे करणे सोपे. 'मला कळले' आणि 'मला वाटले' हे वेगळे करणे कठीण. आपल्या देशातही अशा परदेशी सापांची नोंद आता २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे, आणि नोंद ही कागदावर उतरलेली विवेकाचीच खूण आहे.

इथे कोणी विचारील, वेगळे करणे म्हणजे भेद करणेच नव्हे काय, आणि भेद तर संतांनी टाकायला सांगितला. प्रश्न रास्त आहे. भेदबुद्धी वेगळे करते ती खाली-वर मांडण्यासाठी. विवेक वेगळे करतो तो ज्याचे त्याला परत देण्यासाठी. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात पाहा, गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो आणि शिरोळकडे त्याचा साधारण दहावा हिस्सा. घाटाकडे जांभा दगड, पूर्वेला काळी माती. जितकी माती तितके जीव. केरळापासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीतला, मांडूळ आणि डुरक्या यांच्या मधला वाटणारा त्यांचा तिसरा भाऊ, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या नावाने, वेगळा म्हणून ओळखला गेला तो १९९१ साली. तोवर तो नव्हता का? होता; फक्त त्याचे त्याला कोणी परत दिले नव्हते. म्हणून विवेकाला प्रेमाचे अंग आहे, असे मी म्हणतो. गर्दीत आईला आपले लेकरू वेगळे दिसते, ते इतर लेकरे कमी म्हणून नव्हे.

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मस्तकावर नाग आहे. नागपंचमीला आपल्या घरी मातीचा नाग येतो, त्या दिवशी नांगर चालत नाही, विळीवर चिरणे नाही, तव्यावर भाजणे नाही. वाडवडिलांनी या व्रतात जे ठेवले ते हेच असावे की वर्षातून एक दिवस तरी हात थांबावा, आणि जमिनीखालच्या जिवाचा विचार मनात यावा. हात थांबणे हे विवेकाचे दार आहे. त्या संध्याकाळी बाबांनी गंज पुन्हा रचायला सांगितली नाही. "जाऊ दे त्याला, तवर च्या घ्या," एवढेच म्हणाले. डुरक्या सावकाश बांधाकडे सरकला, आणि पावसाने मऊ झालेल्या मातीत आधी डोके, मग अंग, आणि सर्वांत शेवटी ते बोटभर आखूड शेपूट दिसेनासे झाले. जिथला होता तिथे तो गेला, आणि आम्ही चहाला बसलो.