समाधान वटवायचं कुठे?

पाच सप्टेंबर उरकला. शाली वाटून झाल्या, नारळ वाटून झाले, ॲक्रिलिकची ती पारदर्शक सन्मानचिन्हंही वाटून झाली, जी कुठल्याच कपाटात मावत नाहीत आणि भंगारवालाही घेत नाही. सत्कार-समारंभांवर मी या जागेत पूर्वी पुष्कळ चिडलो आहे. त्यानं शालींचा खप घटल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा तो विषय सोडू. निदान सोडायचा प्रयत्न करू. यंदा डोक्यात गेलं ते एक वाक्य. भाषण पालकमंत्र्यांचं असो, संस्थाचालकांचं असो की पैसे मोजून आणलेल्या 'प्रेरणादायी' वक्त्याचं, ते येतंच : 'शिक्षकाला मिळणारं समाधान पैशात मोजता येत नाही.'

बरोबर आहे. मोजता येत नाही म्हणून तर ते द्यायला इतकं परवडतं.

आमच्या तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात, हे वाक्य उच्चारलं गेलं तेव्हा व्यासपीठावर डावीकडून तिसऱ्या खुर्चीत गणिताचे एक सर बसले होते. वय पन्नाशीच्या आसपास, शाळा अंशतः अनुदानित. अंशतः म्हणजे काय, ते या राज्यात कुणाला समजावून सांगायला नको. सन्मानचिन्ह घ्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा उजव्या अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी दिसली. संध्याकाळी ते चुलतभावाच्या पिकअपमधून टोमॅटोचे कॅरेट बाजार समितीत पोचवतात; कॅरेटची कड लागली होती. भाषण चालू असताना सारखं त्यांचं लक्ष घड्याळाकडे. लिलावाची वेळ होत आली होती. वक्ते मात्र रंगात आलेले. कॉलरला माइक लावून व्यासपीठभर फिरत होते (ज्याला एका जागी उभं राहून बोलता येत नाही त्यानं बोलू नये, हे माझं जुनं मत) आणि सभागृहाला विचारत होते, 'पैसा म्हणजे सुख का?' सभागृह म्हणत होतं, 'नाऽऽही!' तिसरी खुर्ची गप्प होती.

नंतर चहाच्या वेळी आयोजकांपैकी एकानं कुरकुरत सांगितलं, की वक्त्यांनी निम्मं मानधन आगाऊ घेतलं आणि उरलेलं खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच ते घरून निघाले. गाडीही आयोजकांनीच पाठवली. मला यात काहीही गैर वाटत नाही. माणसानं आपल्या कामाचे पैसे आधी ठरवून, वेळेवर आणि पूर्ण घ्यावेत. हेच त्यांनी माइकवर सांगितलं असतं तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

समाधान नावाचं हे चलन एकाच खिडकीवर चालतं, हा त्याचा दोष. महिनाअखेरीला किराणावाल्याला सांगून पाहा, 'शेठ, तुमच्यामुळे आमच्या घरात चार माणसं जेवतात, हे समाधान काय पैशात मोजायचं?' महावितरणला कळवा, की अंधारात दिवा लावण्यासारखं पुण्य नाही, तेव्हा बिलाचा आग्रह धरू नये. मुलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फीच्या खिडकीशी जाऊन ज्ञानदान हे सर्वश्रेष्ठ दान असल्याची आठवण करून द्या. ते कॉलेज अनेकदा त्याच संस्थेचं असतं, ज्या संस्थेचे अध्यक्ष पाच सप्टेंबरला समाधानावर बोलतात. शाळा त्यांची, कॉलेज त्यांचं. पण समाधान शाळेत वाटतात आणि फी कॉलेजात घेतात. मंगल कार्यालयाचं भाडं, मंडप, माइक, शालींचा गठ्ठा, सगळ्याची रोख पावती फाडली गेली. त्या कार्यक्रमात समाधानावर भागवलं गेलं ते फक्त सत्कारमूर्तींचं.

हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं आणि कुणाला नाही, तेही बघण्यासारखं आहे. शिक्षकांना ऐकवतात, नर्सेसना ऐकवतात, आशांना, अंगणवाडी सेविकांना ऐकवतात. गावोगावच्या वार्ताहरांनाही ऐकवतात. हो, आमच्या धंद्यात हे भरपूर चालतं. चार्टर्ड अकाउंटंटला 'तुम्हाला ताळेबंद जुळल्याचं समाधान मिळालंच की' असं म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. रस्त्याच्या कंत्राटदाराला लोकांची सोय केल्याचा आनंद पुरेसा आहे, असंही कुणी सुचवत नाही. आणि लोकसेवेचं समाधान ज्यांना सर्वांत जास्त मिळायला हवं त्या आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक २०१६च्या पावसाळी अधिवेशनात चर्चेविनाच मंजूर झालं. कुणी समाधानाचा मुद्दा काढला नाही. त्याच वर्षी, 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' निघून सात वर्षं झाल्यावर, त्या शाळांना वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा मिळाला. पुढच्या टप्प्यांसाठी लोक २०२५च्या जुलैत, भर पावसाळ्यात, आझाद मैदानावर बसले होते.

बाकीच्या सबबी आहेतच. तिजोरीत खडखडाट आहे, फाइल वित्त विभागाकडे आहे, मागच्या सरकारनं घोळ घातला. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. 'पैसे नाहीत' हे वाक्य खोटं असलं तरी माणसाला माणूस समजून बोललेलं असतं.

वक्त्यांनी अमेरिकेतल्या संशोधनाचाही दाखला दिला : नोबेलविजेत्यांनी सिद्ध केलंय, एका मर्यादेपलीकडे पैशानं सुख वाढत नाही. हा दाखला आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो, जिलबी वाढून होईपर्यंत. निबंध डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचा, २०१०चा. त्यातली मर्यादा होती वर्षाला ७५,००० डॉलर. तेव्हाच्या दरानं साधारण ३४ लाख रुपये, म्हणजे महिन्याला पावणेतीन लाखांहून जास्त. तिथून पुढे रोजच्या हसण्या-रडण्यात फारसा फरक पडत नाही, असं ते म्हणाले होते. एकूण आयुष्याबद्दलचं मत मात्र त्यापुढेही सुधारत जातं, हेही त्याच निबंधात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी व्यासपीठावर कधीच पोचत नाही. आजारपण, घटस्फोट, एकटेपणा ही दुःखं कमी उत्पन्नाच्या माणसाला जास्त बोचतात. थोडक्यात, पावणेतीन लाखांपुढे काय होतं ते वक्ते सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांत त्या आकड्याच्या जवळपास पोचलेले बहुधा एकटे वक्तेच होते.

पुढे २०२१ साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी अशी कुठली पायरीच दिसत नाही असं दाखवलं, तेव्हा कानेमन त्यांच्याबरोबर बसले आणि २०२३मध्ये मिळून नवा निबंध काढला. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जातं. थबकतं ते सर्वांत दुःखी असलेल्या साधारण पाचव्या हिश्श्याचं, आणि तेही बऱ्याच वरच्या उत्पन्नावर. कानेमन यांनी आपलं म्हणणं तपासून बदललं. आपल्याकडची पॉवरपॉइंट अजून २०१०चीच आहे.

आता खरं ते मान्य करतो. कामाची ओढ पैशातून येत नाही. त्या सरांचे विद्यार्थी सांगतात, भूमितीच्या तासाला ते कंपास न घेता, हाताच्या एका फेऱ्यात फळ्यावर वर्तुळ काढतात. वर्ग टाळ्या वाजवतो. मग ते मोठा लाकडी कंपास त्याच वर्तुळावर फिरवतात आणि आपला हात कुठे आत गेला, कुठे बाहेर सुटला ते रंगीत खडूनं दाखवतात. त्रिज्या म्हणजे काय ते त्या वर्गात पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. याचा वेगळा भत्ता कुणी दिलेला नाही, आणि दिला म्हणून हे कुणाला सुचेल असंही नाही. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना सुटलेल्या कोड्यामागे डॉलर मिळाला, त्यांचा रिकाम्या वेळेतला कोड्यांचा नाद कमी झाला. पटतं. फक्त त्या विद्यार्थ्यांची घरं कोड्यांवर चालत नव्हती, एवढं लक्षात असावं. सरांची ओढ काही आटलेली नाही. आटलाय तो वेळ. दहावीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर ते फुकट तास घ्यायचे, तो टोमॅटोच्या हंगामात बंद पडतो.

त्यागाचे दाखले देताना तर आपली मंडळी फार उदार होतात. रयतच्या लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही, हे सांगताना वक्त्यांचा आवाज भरून आला. भरून यावाच. पण लक्ष्मीबाईंनी आपलं सोनं मोडलं होतं. शेजारणीचं मोडून तिला त्यागाचा आनंद कळवला नव्हता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं काम करायचं बंधन घेत, तेही स्वतःहून, स्वतः नियम करून. आणि एवढी ध्येयवादी माणसं असूनसुद्धा पगारवाढ आणि बाहेरची कमाई यांवरून त्यांच्यात इतकं वाजलं, की १८९०च्या अखेरीस टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. पैशाची चर्चा हलकी असते असं मानणाऱ्यांनी तो वाद जरूर वाचावा.

सर्वांत रोखठोक होते जोतीराव फुले. स्वतः कंत्राटदारी केलेला माणूस, पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो ते त्यांना पक्कं ठाऊक. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, असा सरळ आकडाच लिहिला. शिवाय मास्तरला गावच्या पोस्टाचं किंवा दस्तनोंदणीचं काम जोडून द्यावं, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असंही सुचवलं. समाजासाठी ज्यांनी सगळं पणाला लावलं त्यांनी दुसऱ्याच्या पगारात त्याग शोधला नाही. आपण सव्वाशे-दीडशे वर्षांनी कुठे आहोत? शिक्षण सेवक नावाच्या तीन वर्षांच्या उमेदवारीत प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ, उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये महिना, हे आकडे वर्षानुवर्षं चालू राहिले. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. तोवर सहा हजारांत मास्तर होता येतं आणि मंगल कार्यालयात वाढपी व्हायला त्याहून जास्त मिळतात, हे दर लग्नसराईत उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. अंगणवाडी सेविकेचं मानधन केंद्रानं २०१८मध्ये ठरवलं ते साडेचार हजार. यावरही कुणीतरी भाषण करत असेलच.

आठवड्याला नव्वद तास काम करा म्हणणाऱ्या उद्योगपतींवर २०२५च्या जानेवारीत आपण सगळे तुटून पडलो होतो. मीही पडलो होतो. पण ते निदान पगार देऊन बोलत होते.

पुढच्या पाच सप्टेंबरसाठी माझी एक साधी सूचना आहे, आयोजकांनी ती फेटाळली तरी चालेल. समाधानावर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याला त्या दिवशीचं मानधन समाधानातच द्यावं. पुरेसे वक्ते मिळाले नाहीत तर कार्यक्रम लवकर संपेल, आणि सरांना लिलाव गाठता येईल. शालींचे वाचलेले पैसे कुठे घालायचे ते समितीनं ठरवावं. ती बहुधा नव्या शाली घेईल.

उलट बाजूनं मला कोंडीत पकडायला वाचक बसलेले आहेत, ते ठाऊक आहे. पगार पूर्ण आणि वेळेवर झाला की सगळे मास्तर झपाटून शिकवायला लागतील का? नाही लागणार. सातव्या वेतन आयोगाचा पूर्ण पगार घेऊन तासाला मोबाइलवर शेअर बाजार बघणारे आहेत. त्यांच्यावर एक स्वतंत्र स्तंभ होईल, पण त्यातले दोघे माझ्याच सोसायटीत राहतात आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असते.